कोविड आणि आधीपासूनचे आजार: विदर्भातल्या गावांतून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी परिचारिका आहे. २०२० आणि २०२१ मध्ये कोविड वॉर्डात होते. केसपेपरवर ‘पूर्वीचे आजार’ असा एक रकाना असतो, तो भरायचं काम बहुतेक वेळा माझ्याकडेच यायचं. तेव्हापासून आजपर्यंत लोक त्या रकान्याबद्दलच विचारतात. कुणी फोनवर, कुणी आशाताईंच्या मोबाइलवरून, कुणी बाजारात गाठून. तेच प्रश्न इथे मांडले आहेत. काही तुमच्याच बोलीत ठेवले आहेत, कारण ते तसेच आले. गोळ्या सुरू करणं, थांबवणं, बदलणं हे मात्र तुमच्या डॉक्टरांना विचारूनच.

१. सहव्याधी म्हणजे नेमकं काय? माझी ऍसिडिटी त्यात येते का?

कोविड होण्याआधीपासून शरीरात असलेला, लांब चालणारा आजार म्हणजे सहव्याधी. मधुमेह (आपण ‘शुगर’ म्हणतो), रक्तदाब, हृदयविकार, अर्धांगवायू होऊन गेलेला असणं, मूत्रपिंडाचा किंवा यकृताचा जुना आजार, दम्यासारखे फुप्फुसाचे आजार, कर्करोग, क्षयरोग, एचआयव्ही, सिकलसेल (रक्तातल्या तांबड्या पेशींचा जन्मजात आजार), जास्तीचं वजन हे सगळं यात येतं. ऍसिडिटी, मोतीबिंदू, गुडघेदुखी, जुनं हाड मोडलेलं यांनी कोविड बळावत नाही. थायरॉइडची गोळी नियमित सुरू असेल आणि रिपोर्ट ताब्यात असेल तर त्याचीही वेगळी धास्ती नको. पण भरती होताना सांगायचं ते सगळंच. काय महत्त्वाचं आणि काय नाही, हे डॉक्टर ठरवतील.

२. भरती झालेल्यांमध्ये सगळ्यात जास्त कोणते आजार दिसले?

जगभर उत्तर जवळजवळ सारखंच आलं: आधी रक्तदाब, मग शुगर आणि लठ्ठपणा, त्यानंतर हृदयविकार. न्यूयॉर्कच्या परिसरात २०२० च्या मार्च-एप्रिलमध्ये भरती झालेल्या ५,७०० रुग्णांची नोंद प्रसिद्ध झाली. त्यात ५६.६ टक्क्यांना रक्तदाब, ४१.७ टक्क्यांना लठ्ठपणा आणि ३३.८ टक्क्यांना मधुमेह होता. चीनच्या फेब्रुवारी २०२० च्या नोंदीत लागण झालेल्यांपैकी एकूण २.३ टक्के दगावले. हृदयविकार असलेल्यांत हे प्रमाण १०.५ टक्के, मधुमेह असलेल्यांत ७.३, फुप्फुसाचा जुना आजार असलेल्यांत ६.३, रक्तदाबवाल्यांत ६ टक्के होतं. कोणताच जुना आजार नोंदलेला नव्हता त्यांच्यात ०.९ टक्के.

हे आकडे लस येण्याआधीचे आणि दुसऱ्या देशांतले आहेत. ते आपल्या गावाला जसेच्या तसे लावू नका. आपल्याकडे या यादीत आणखी काही आजार आहेत, जे न्यूयॉर्कच्या यादीत ठळक दिसत नाहीत: सिकलसेल (प्रश्न ९), चुलीच्या धुरानं खराब झालेली फुप्फुसं (प्रश्न ११) आणि टीबी (प्रश्न १२).

३. भरती झालेल्यांत निम्म्यांना बीपी होतं म्हणतात. म्हणजे बीपीवाल्यांपैकी निम्मे भरती होतात का?

नाही. हा गैरसमज इतक्या घरांत भीती घालून गेला की जरा सविस्तर सांगते.

समजा एका गावात १,००० मोठी माणसं आहेत आणि सगळ्यांना कोविड झाला. त्यातल्या ३०० जणांना बीपी आहे, ७०० जणांना नाही. बीपीवाल्यांतले ३० भरती झाले, बाकीच्यांतले ३५. एकूण भरती ६५. आता वॉर्डात उभं राहून मोजलं तर ६५ पैकी ३० जण बीपीचे, म्हणजे जवळपास निम्मे. पण गावात येऊन मोजलं तर बीपीच्या ३०० जणांपैकी २७० घरीच बरे झाले. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. आकडे समजावण्यासाठी धरलेत, हिशोबाची रीत खरी आहे.

दुसरी गोष्ट वयाची. बीपी साठीनंतर घरोघरी असतं आणि कोविडमध्ये सगळ्यात मोठा धोका वयाचाच. त्यामुळे वॉर्डात बीपीवाले जास्त दिसण्यात वयाचाही वाटा आहे. बीपी निर्दोष आहे असं मी म्हणत नाही. बरीच वर्षं ताब्यात न ठेवलेलं बीपी हृदय आणि मूत्रपिंड झिजवतं, आणि तापात, ऑक्सिजन कमी पडताना तीच झीज उघडी पडते. पण रोज गोळी घेणाऱ्या माणसानं ‘मला बीपी आहे, आता मी वाचत नाही’ म्हणून हाय खाऊ नये.

४. आमच्या बाबाले कोणताच आजार नव्हता. मंग ते कसे काय गेले?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा आला आहे, आणि याचं उत्तर देताना अजूनही घसा दाटतो.

मार्च २०२१ मधली गोष्ट. पंचावन्नेक वर्षांचे एक काका भरती झाले. मी रकान्यापाशी येऊन विचारलं, काका, आधीचा काही आजार? ते म्हणाले, ‘कालपावतर वावरात होतो जी बाई, मले कायचा आजार?’ मी लिहिलं: नाही. थोड्या वेळानं बोटाला सुई टोचून ग्लुकोमीटरची पट्टी लावली. आकडा आलाच नाही, ‘हाय’ एवढी अक्षरं आली. साखर मोजमापाच्या पलीकडे गेली की मशीन तसं दाखवतं, बहुतेक मशीनवर ६०० च्या वर. चादर सरकवून पाय पाहिले. उजव्या अंगठ्याखाली जखम, तिच्यात हळद भरलेली. किती दिवसांची विचारलं तर म्हणाले, पोळ्यापासून आहे, सुकते अन् पुन्हा फुटते. पोळ्यापासून मार्च, म्हणजे सहा महिन्यांच्या वर. मी तो ‘नाही’ खोडला.

तुमच्या बाबांचं असंच झालं असेल, असं मी म्हणत नाही. काही माणसं खरोखर कोणताही आजार नसताना गेली. वय, विषाणूची भारी मात्रा, उशिरा मिळालेला ऑक्सिजन, दुसऱ्या लाटेतला डेल्टा हा विषाणूचा प्रकार, कारणं बरीच होती. पण आपल्या गावांत ‘आजार नव्हता’ याचा अर्थ फार वेळा ‘कुणी कधी तपासलं नव्हतं’ एवढाच असतो. बीपी दुखत नाही. शुगर सुरुवातीची काही वर्षं काहीच सांगत नाही. जास्त तहान लागली तर आपण उन्हाळ्याला दोष देतो, रात्री चार वेळा उठावं लागलं तर वयाला. काम करता येतं तोवर माणूस निरोगी, ही आपली व्याख्या. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत मोठ्या माणसांत ११.४ टक्क्यांना मधुमेह आणि ३५.५ टक्क्यांना रक्तदाब आढळला. गावातल्या मोठ्या माणसांची संख्या डोळ्यांपुढे आणा आणि त्यातल्या किती जणांच्या घरी गोळ्यांचं पाकीट आहे ते आठवून बघा.

म्हणून भरती रुग्णांच्या नोंदी वाचताना एक लक्षात ठेवा. ‘सहव्याधी नाही’ या रांगेत खरोखर निरोगी माणसं आहेत आणि न तपासलेली माणसंही आहेत. आपल्या भागात न तपासलेल्यांची संख्या लहान नाही. आणि तुमच्या बाबांनी काही लपवलं, असंही मनात आणू नका. जे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं, ते त्यांनी कुठून सांगावं?

५. दवाखान्यात गेल्यावरच शुगर निघाली. कोविडनं झाली की आधीच होती?

तीन शक्यता असतात. पहिली, आधीच होती, कळली आता. दुसरी, आजाराच्या ताणानं साखर तात्पुरती चढली. तिसरी, स्टेरॉइडनं चढली. ऑक्सिजनवरच्या रुग्णांना डेक्सामेथासोन दिलं जायचं आणि त्यानं साखर वाढतेच.

ओळखायला एचबीए१सी नावाची रक्ततपासणी आहे. ती मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगते. कोविड होऊन आठच दिवस झालेत आणि एचबीए१सी १० आलं, तर शुगर जुनी आहे असं समजा. ६.५ किंवा त्याहून जास्त असेल तर मधुमेह धरतात. (सिकलसेल किंवा खूप ऍनिमिया असेल तर हा आकडा फसवतो, प्रश्न १० पाहा.)

ताणानं किंवा स्टेरॉइडनं चढलेली साखर काही जणांची उतरते, काहींची उतरत नाही. म्हणून सुट्टी झाल्यावर इन्सुलिन आपल्या मनानं बंद करू नका आणि आयुष्यभराचं झालं म्हणून हातपायही गाळू नका. दवाखान्यानं दिलेल्या तारखेला तपासा, मग तीन महिन्यांनी पुन्हा एकदा.

६. शुगर असली की कोविड जास्त का बळावतो? आणि ती काळी बुरशी शुगरवाल्यांनाच का झाली?

रक्तात साखर सतत जास्त राहिली की पांढऱ्या पेशी जंतूंशी नीट लढत नाहीत आणि बारीक रक्तवाहिन्यांचं अस्तर खराब होतं. कोविड त्याच अस्तरावर घाला घालतो आणि रक्ताच्या गुठळ्या करतो. वर तापानं साखर आणखी चढते, चढलेल्या साखरेनं संसर्ग आणखी वाढतो.

काळी बुरशी म्हणजे म्युकरमायकोसिस. तिचे कण मातीत, शेणात, कुजक्या पालापाचोळ्यात नेहमीच असतात. धडधाकट माणसाला त्यांचं काही होत नाही. २०२१ च्या उन्हाळ्यात बेताल शुगर, कोविड आणि स्टेरॉइड एकत्र आले. जून २०२० मध्ये इंग्लंडच्या ‘रिकव्हरी’ चाचणीनं दाखवलं होतं की डेक्सामेथासोन, रोज ६ मिलिग्रॅम, जास्तीत जास्त १० दिवस, ऑक्सिजनवरच्या आणि व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचे जीव वाचवतं. ज्यांना ऑक्सिजन लागत नव्हता त्यांना मात्र काही फायदा दिसला नाही. तरी आपल्याकडे ताप आला की दुसऱ्याच दिवशी स्टेरॉइड, असं किती घरांत झालं! साखर न मोजता दिलेलं स्टेरॉइड शुगरच्या माणसाला फार महाग पडलं.

नाक बंद होऊन काळसर पाणी येणं, गालावर किंवा डोळ्याखाली सूज, डोळा दुखणं, दात हलणं, एका बाजूला बधिरपणा यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात जायचं. उद्यावर टाकायचं नाही.

७. बीपीच्या गोळ्यांनी कोविड वाढतो असं ऐकलं होतं. बंद करू का?

बंद करू नका. २०२० च्या सुरुवातीला अशी शंका खरंच निघाली होती. विषाणू पेशीवरच्या एसीई-२ या दारातून आत शिरतो आणि टेल्मिसार्टन, रामिप्रिल, एनालाप्रिल अशा गोळ्यांचा त्या दाराशी संबंध आहे, म्हणून. नंतर रुग्णांवर चाचण्या झाल्या. गोळी सुरू ठेवल्यानं धोका वाढत नाही, बंद केल्यानं फायदा होत नाही, हे त्यात दिसलं.

अपवाद एक आहे. दवाखान्यात बीपी खूप खाली गेलं किंवा मूत्रपिंडावर ताण आला, तर डॉक्टर काही दिवस गोळी थांबवतात. शुगरच्या मेटफॉर्मिनचंही तसंच: गंभीर आजारात ती थांबवून इन्सुलिन देतात. डापाग्लिफ्लोझिनसारखी शुगरची गोळी सुरू असेल तर आजारपणात ती मुद्दाम आठवण करून सांगा, जेवण बंद असताना ती सुरू ठेवणं धोक्याचं असतं.

८. आमचा माणूस काडीसारखा बारीक. त्याला कशाची शुगर?

शुगर ढेरीवाल्यांनाच होते हे खरं नाही. आपल्या भागातले शुगरचे पुष्कळ रुग्ण बारीकच आहेत. भारतीय शरीरात हातपाय बारीक असले तरी पोटात, यकृताभोवती चरबी साठते, म्हणून आपल्याकडे वजनाची मर्यादाही युरोप-अमेरिकेपेक्षा खालची धरतात. आणि एखाद्याचं वजन काही न करता उतरत असेल तर ते स्वतःच शुगरचं किंवा टीबीचं लक्षण असू शकतं. बारीक असणं ही तपासणी टाळायची सबब नाही.

९. घरात सिकलसेल आहे. मुलगी ‘एएस’ आहे, पुतण्या ‘एसएस’. दोघांनाही सारखाच धोका का?

सारखा नाही, आणि हा फरक घरातल्या प्रत्येकाला तोंडपाठ पाहिजे.

‘एएस’ म्हणजे वाहक. एक जनुक आईकडून किंवा बापाकडून आलेलं, आजार नाही. कोविडमध्ये तिची काळजी इतर कुणासारखीच. ‘एसएस’ म्हणजे रुग्ण. त्याच्या तांबड्या पेशी ऑक्सिजन कमी पडला, पाणी कमी पडलं, ताप आला की कोयत्यासारख्या वाकड्या आणि ताठ होतात, बारीक वाहिन्यांत अडकतात. कोविड या तिन्ही गोष्टी एकदम करतो. म्हणून ‘एसएस’ रुग्ण वयानं विशीतला असला तरी तो जोखमीच्या यादीत वरच असतो. तरुण आहे, निभावून नेईल, हा विचार इथे लागू नाही.

त्यातून आणखी एक घोळ होतो. सिकलसेलच्या रुग्णाला छातीतलं संकट येतं तेव्हा ताप, छातीत दुखणं, धाप, एक्स-रेमध्ये डाग अशी लक्षणं असतात. दिसायला हुबेहूब कोविडचा न्यूमोनिया, पण त्यात रक्त देण्याची गरज पडू शकते. डॉक्टरांना सिकलसेल माहीतच नसेल तर ते कोविडवरच उपचार करत राहतील. स्टेरॉइडनंही काही सिकलसेल रुग्णांच्या वेदना उसळतात, म्हणून ते देताना विचार करावा लागतो. तेव्हा गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, मेळघाट, आपलं यवतमाळ, कुठूनही नागपूरला नेलं तरी पहिल्या वाक्यात ‘एसएस आहे’ सांगायचं आणि कार्ड हातात द्यायचं. हायड्रॉक्सियुरिया ही सिकलसेलची गोळी सुरू असेल तर तीही सांगायची, मनानं बंद करायची नाही.

कार्ड कपाटात, पेटीत, देवघरात ठेवलेलं असतं आणि पोरगा मध्यरात्री १०८ मध्ये, असं मी पाहिलं आहे. मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा, घरातल्या दोघांच्या तरी.

१०. मला सिकलसेल आहे आणि एचबीए१सी ५.२ आलं. म्हणजे शुगर नाही ना?

या तपासणीवरून तसं म्हणता येत नाही. एचबीए१सी हे तांबड्या पेशीला किती साखर चिकटली ते मोजतं आणि पेशी जवळपास १२० दिवस जगते, असं धरून चालतं. ‘एसएस’ रुग्णाची पेशी काही आठवड्यांतच मोडते. साखर चिकटायला वेळच मिळत नाही, आकडा खोटाच कमी येतो. नुकतंच रक्त चढवलं असेल तरीही आकडा चुकतो. उलट लोह कमी पडून झालेल्या ऍनिमियात तो खोटा वाढलेला दिसू शकतो, आणि आपल्याकडच्या बायकांत हा ऍनिमिया किती आहे ते सांगायला नको.

अशा वेळी उपाशीपोटी आणि जेवणानंतर दोन तासांनी केलेली रक्तातली साखर ग्राह्य धरतात. उपाशीपोटी १२६ किंवा त्याहून जास्त वेगवेगळ्या दिवशी दोनदा आली तर मधुमेह.

११. आईला चुलीच्या धुराचा दमा आहे. तिचा ऑक्सिजन एरवीही ९१ असतो. कोविड झाल्यावर किती धरायचा?

फार चांगला प्रश्न, कारण इथे नेहमीचा नियम मोडतो. एरवी ९४ च्या खाली गेलं की दवाखाना, असा नियम (प्रश्न १५). पण वर्षानुवर्षं तुऱ्हाट्या-पऱ्हाट्या जाळून ज्यांच्या श्वासनळ्या कायमच्या अरुंद झाल्यात, त्यांचा आकडा बरा असतानाही खाली राहतो. त्यांच्यासाठी ‘नेहमीपेक्षा किती उतरला’ ते पाहायचं. ९१ चा ८८ झाला आणि धाप वाढली तर निघायचं.

दवाखान्यात गेल्यावर अशा रुग्णाचा ऑक्सिजन बहुधा ८८ ते ९२ च्या दरम्यान ठेवतात. बाजूच्या खाटेवरच्याचा ९७ आणि आपल्या आईचा ९० बघून नातेवाईक नळी वाढवतात. कृपा करून तसं करू नका. अशा फुप्फुसांना जास्तीचा ऑक्सिजन दिला तर रक्तात कार्बन डायऑक्साइड साठून माणूस गुंगीत जाऊ शकतो.

साधा दमा ताब्यात असेल तर कोविडचा धोका फारसा वाढत नाही. पंप मात्र बंद करायचा नाही. पंपाची सवय लागते ही भीती मनातून काढून टाका.

१२. टीबीची औषधं सुरू आहेत आणि आता कोविड निघाला. औषधं थांबवायची का?

थांबवायची नाहीत, एक दिवसही. खोकला, ताप दोन्हींत येतो, म्हणून एकाच्या नावाखाली दुसरा लपतो. आरोग्य मंत्रालयानं ऑगस्ट २०२० मध्येच सांगितलं होतं की टीबीच्या रुग्णाची कोविडसाठी आणि लक्षणांप्रमाणे कोविडच्या रुग्णाची टीबीसाठी तपासणी करावी. कोविड बरा होऊन दोन आठवडे झाले तरी खोकला, संध्याकाळचा ताप, वजन उतरणं सुरू असेल तर थुंकी तपासून घ्या. स्टेरॉइड घेतलं असेल तर नक्कीच, त्यानं दबलेला टीबी डोकं वर काढू शकतो. एचआयव्हीच्या एआरटी गोळ्यांनाही हाच नियम: खंड नाही.

१३. किडनीचा त्रास आहे, डायलिसिस सुरू आहे. कोविडच्या भीतीनं फेरी चुकवली तर चालेल?

चालणार नाही. चुकलेल्या डायलिसिसनं छातीत पाणी भरतं आणि धाप लागते, जी कोविडसारखीच दिसते. ताप असेल तर केंद्राला आधी फोन करून सांगा, वेगळी वेळ देतील. अकोला-बुलडाण्याच्या खारपाणपट्ट्यातल्या (जिथलं जमिनीतलं पाणी खारं आहे त्या) गावांत किडनीचे रुग्ण आहेत हे सगळ्यांना ठाऊक आहे. तिथल्या लोकांनी अंगदुखीच्या गोळ्या मनानं घेणं तर अजिबातच टाळावं.

१४. खर्रा खाणाऱ्याला कोविड जास्त होतो का?

बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांना कोविड जास्त बळावतो, हे पक्कं आहे. खर्ऱ्याचं, म्हणजे तंबाखू-सुपारीच्या मिश्रणाचं, तसं थेट सांगता येत नाही. पण खर्ऱ्यानं तोंडाचा कर्करोग होतो आणि निकोटीननं बीपी चढतं, म्हणजे सहव्याधींची सोय तो करूनच देतो.

१५. शुगर-बीपी असलेल्या माणसाला ताप-खोकला आला. घरी ठेवायचं की न्यायचं? आमच्या इथून दवाखाना ४० किलोमीटर आहे.

अंतर जितकं जास्त, तितकं लवकर निघायचं. शहरातला माणूस ९२ वर निघाला तरी पोचतो. भामरागड, झरी जामणी, धारणीकडच्या माणसानं वाट बघितली तर रस्त्यातच ८० होतो.

सहव्याधी असेल तर पहिल्याच दिवशी आशाताईंना किंवा उपकेंद्रात कळवा, तपासणी करा, साखर आणि बीपी दिवसातून एकदा तरी मोजा. ऑक्सिमीटर लावण्याआधी हात धुऊन, चोळून ऊबदार करा, नखाला रंग असेल तर काढा, बोट मिनिटभर स्थिर ठेवा. सावळ्या कातडीवर हे यंत्र कधी कधी खऱ्यापेक्षा जास्त आकडा दाखवतं, म्हणून नुसत्या आकड्यावर विसंबू नका. घरातल्या घरात सहा मिनिटं चालवा. चालल्यावर आकडा ९४ च्या खाली गेला किंवा नेहमीपेक्षा तीन-चारनं उतरला तर निघा. बसल्या जागीच धाप लागत असेल तर चालवू नका, सरळ १०८. छातीत दाब, बोलताना अडखळणं, गुंगी, ओठ निळसर पडणं, साखर सारखी ३०० च्या वर यातलं काहीही असेल तर आकडा कितीही चांगला असो, घरी थांबायचं नाही. शुगरच्या माणसाला कधी कधी धाप जाणवतच नाही, तो आरामात गप्पा मारत असतो आणि ऑक्सिजन ८५ असतो.

१६. भरती करताना सोबत काय न्यायचं?

कपडे मागाहून आले तरी चालतील. औषधं आणि कागद आधी.

आमच्याकडे प्लॅस्टिकची पन्नी यायची. पन्नीत सुट्या गोळ्या, पाकिटाची नावाची बाजू कात्रीनं कापून गेलेली. ‘सकायची गुलाबी, रातची पांढरी’ एवढीच ओळख. गुलाबी गोळ्या शेकड्यानं आहेत हो! म्हणून पाकीट संपेपर्यंत नाव असलेली बाजू फाडू नका, आणि दुकानदाराला पाकीट कापताना नावाकडून कापू नको म्हणून सांगा. जुनी चिठ्ठी, शेवटचा साखरेचा आणि क्रिएटिनिनचा (किडनीच्या तपासणीचा) रिपोर्ट, सिकलसेल किंवा टीबीचं कार्ड, आधार आणि रेशनकार्ड (महात्मा फुले जनआरोग्य योजनेसाठी लागतं) सोबत हवं. वैद्याचं चूर्ण, काढा, बाबाची पुडी सुरू असेल तर तीही सांगा. कुणी रागावणार नाही, आणि रागावलं तरी सांगा.

१७. लस घेताना आजाराचा दाखला मागितला होता. तो नव्हता म्हणून आमचा नंबर मागे गेला. असं का?

१ मार्च २०२१ पासून साठीवरच्या सगळ्यांना आणि ४५ ते ५९ वयातल्या सहव्याधी असलेल्यांना लस सुरू झाली. २० आजारांची यादी होती, तिच्यात सिकलसेलचा आजारही होता, आणि नोंदणीकृत डॉक्टरांचा दाखला लागायचा. महिन्याभरानं, १ एप्रिलपासून, ४५ च्या वरच्या सगळ्यांना दाखल्याविना खुली झाली. पण तो मार्च महिना आपल्याकडे दुसऱ्या लाटेचा होता. अमरावतीत तर २२ फेब्रुवारीपासूनच लॉकडाऊन लागलं होतं. ज्यांचा आजार कधी तपासलाच गेला नव्हता, त्यांना दाखला कोण देणार? त्या महिन्यात दाखल्याविना परत गेलेली माणसं माझ्या डोळ्यांपुढून जात नाहीत. मूळ दुखणं प्रश्न ४ मधलंच आहे.

१८. मृत्यूच्या कागदावर ‘हृदयविकार’ लिहिलंय, पण गेले ते कोविडनं. हे बरोबर आहे का?

नियमाप्रमाणे, कोविडनं न्यूमोनिया होऊन माणूस गेला तर मूळ कारण कोविडच लिहायचं. शुगर, बीपी, हृदयविकार हे हातभार लावणारे आजार म्हणून वेगळ्या भागात जातात. हे मार्गदर्शन २०२० पासूनच आहे. सप्टेंबर २०२१ मध्ये केंद्रानं आणखी स्पष्ट केलं: तपासणीपासून ३० दिवसांच्या आत झालेला मृत्यू, घरी झाला तरी, कोविडचाच धरायचा. त्याच भरतीत ३० दिवसांनंतर गेले तरीही. अपघात, विषबाधा, खून हे वगळून. कागदावर चूक असेल तर जिल्हास्तरीय समितीकडे दाद मागायची सोय केली होती.

५०,००० रुपयांच्या सानुग्रह मदतीबद्दलही विचारतात. २४ मार्च २०२२ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानं जुन्या मृत्यूंच्या अर्जाला ६० दिवसांची मुदत होती. खरोखरच अडचणीमुळे राहून गेलेल्यांना तक्रार निवारण समितीकडे जाण्याची वाट त्याच आदेशानं ठेवली. जिल्हाधिकारी कार्यालयाच्या आपत्ती व्यवस्थापन कक्षात कागद दाखवून विचारा.

१९. आता कोविड कुठं राहिला? मग हे सगळं कशाला?

जागतिक आरोग्य संघटनेनं ५ मे २०२३ ला आणीबाणी संपल्याचं जाहीर केलं, विषाणू संपल्याचं नाही. तो अधूनमधून येतो, लसीमुळे आणि आधीच्या लागणीमुळे बहुतेकांना सौम्य जातो. पण ज्या शरीरात शुगर बेताल आहे त्याला फ्लूही जड जातो, न्यूमोनियाही, पायाची साधी जखमही.

२०. आई म्हणते, काही होतच नाही तर तपासू कशाले? तिला कसं न्यायचं?

‘तुला आजार असेल’ म्हणून नेलं तर येणार नाही. आमच्या आशाताईंनी काढलेल्या युक्त्या सांगते, त्या चालतात. बाजाराच्या दिवशी, पिशवी घेऊन निघालेलीच असते तेव्हा वाटेवरच्या उपकेंद्रात थांबवा. नातवाला डोस द्यायला जाताना सोबत घ्या आणि तिथेच बीपीचा पट्टा बांधायला सांगा. शेजारच्या दोघी-तिघींना मिळून न्या, एकटीला नको. कापूस वेचणीच्या दिवसांत मागे लागू नका, मजुरी बुडते, मग राग तुमच्यावर निघतो. तिशीच्या वरच्या सगळ्यांची बीपी आणि शुगरची तपासणी उपकेंद्रात फुकट होते. उपाशीपोटी जमलं तर उत्तम, नाही जमलं तर जेवून आलेली असली तरी चालतं, फक्त किती वाजता जेवली ते सांगायचं. बीपी १४०/९० किंवा वर आलं तर लगेच गोळी नाही, वेगळ्या दिवशी पुन्हा मोजतात. आणि आकडा कागदावर लिहून घ्या, तारखेसकट. तो कागद तिच्या रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवा, ती पिशवी घरातून कधी हरवत नाही.